सरावाला आलेली मावशी

अणुसुरक्षा संशोधन संस्थेत त्याच्याकडे एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर त्यानं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. अणुभट्टीत अपघात झाला, वाऱ्याबरोबर किरणोत्सारी धूळ शहरावर आली आणि ती अंगावर घेऊन हजारो माणसं दाराशी उभी राहिली, तर त्यांना लवकरात लवकर स्वच्छ कसं करायचं? धूळ काढणं तसं अवघड नाही. अंगावरचे कपडे उतरवले की बरीचशी जाते, उरलेली साबणपाण्यानं. अवघड असते ती रांग. एक माणूस अडला की मागचे सगळे अडतात, आणि ताटकळणाऱ्यांच्या अंगावरची धूळ काही त्यांच्यासाठी थांबून राहत नाही. म्हणून त्यानं रांगेची पद्धत बसवली होती. कुठे उभं राहायचं, काय कुठल्या पिशवीत टाकायचं, कुठे धुवायचं, कुठे तपासायचं, सगळं. दवाखान्यात स्वतः ताप घेऊन गेले तरी साहेब आधी रांग कशी सरकतेय ते बघतात, असं हाताखालची माणसं म्हणायची.

घरी तो, बायको आणि मावशी. आई तो लहान असतानाच गेली होती. पुढचं सगळं मावशीनं केलं. एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे उसवायची, आत घ्यायची, ढिले करायची. त्यावर ह्याची शाळा झाली, कॉलेज झालं. तिनं लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “वेळच मिळाला नाही बाई, सुईत दोरा ओवण्यातच जन्म गेला.” आता तिला जाड भिंगाचा चष्मा होता, दोन्ही कानांत यंत्रं होती आणि वरची कवळी होती. जीभ मात्र मूळची होती आणि तिला धारही मूळचीच होती.

लहानपणी तो इतका गुबगुबीत होता की मावशी त्याला भोपळ्या म्हणायची. तो वाळून काटकुळा झाला, डोक्यावरचे केस गेले, नावामागे पदव्या लागल्या, तरी घरात तो भोपळ्याच राहिला. “मावशी, बाहेरच्यांसमोर तेवढं नको गं,” असं त्यानं सांगून ठेवलं होतं. तीही शब्द पाळायची.

त्या वर्षी मोठा सराव ठरला. वरच्या खात्याचे पाहुणे येणार होते. त्यांना पद्धत पसंत पडली तर ती सगळीकडे लागू होणार होती. जेवताना तो बायकोजवळ कुरकुरला, “स्वयंसेवक म्हणून सगळी कॉलेजची पोरं आलीत. उद्या खरोखर काही झालं तर काय फक्त धडधाकट माणसंच येणार आहेत? म्हातारं माणूस एक मिळत नाही.”

“मी काय तरणीताठी आहे?” मावशी म्हणाली. “माझं नाव घाल.”

“तुला नाही झेपणार. अंगावर पाणी घेतात, धावपळ असते.”

“अरे, मी काय मिठाची आहे विरघळायला?”

त्यानं विषय टाळला. पण दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीकडून जाहिरातीतला नंबर लावून घेतला आणि दोघींची नावं दिली. संध्याकाळी हे कळल्यावर तो हसला. मनातून त्याला बरंही वाटलं. फक्त संस्थेत त्यानं कुणाला सांगितलं नाही की ही आपली मावशी. आपलंच माणूस घुसवलं असं कुणाला वाटायला नको, असं कारण त्यानं बायकोला दिलं. ते खोटं नव्हतं. पण अख्खं खरंही नव्हतं. पाहुण्यांसमोर मावशी कुठल्या क्षणी काय बोलेल, ह्याचा त्याला भरवसा नव्हता.

सराव एका क्रीडासंकुलाच्या बंदिस्त मैदानात होता. बास्केटबॉलच्या रेघांवर प्लास्टिकचे पडदे लावून मार्गिका केल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची. दाराशी प्रत्येकाच्या केसांवर आणि हातांवर एक निरुपद्रवी पावडर लावत. साध्या उजेडात ती दिसायची नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र काजव्यासारखी चमकायची. तीच धूळ समजायची. पुढे अंगावरच्या वस्तू पिशवीत, कपडे पिशवीत, मग पडद्याआड पाण्याच्या फवाऱ्याखाली धुणं, मग कागदी झगा घालून तपासणीच्या चौकात. तिथे दिव्याखाली चमक दिसली की परत फवाऱ्याकडे. आतली सगळी माणसं पांढऱ्या पोशाखात, तोंडावर मुखवटे. तोही तसाच, पाहुण्यांना घेऊन तपासणीच्या चौकात उभा होता. गळ्यात शिटी होती. सरावात कुणाला खरोखरचा त्रास झाला तर शिटी वाजवायची, आणि ती वाजली की सगळं जागच्या जागी थांबायचं. हा नियम त्यानंच घातला होता.

सुरुवात झकास झाली. पोरं हसत-खिदळत आली आणि झरझर पुढे गेली. पाहुण्यांमधले वडीलधारे अधिकारी घड्याळ बघत मान डोलवत होते. “वा,” ते म्हणाले, “लोण्यातून सुरी.” संचालकबाई समाधानानं त्याच्याकडे बघत होत्या.

मग पडद्यातून मावशी आली.

तिला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला. चष्मा नव्हता, कवळी नव्हती, तोंड आत गेलं होतं. केस कवटीला चिकटले होते. कानातली यंत्रं पिशवीत गेली होती, कारण नियमात लिहिलं होतं: शरीरावरची प्रत्येक सुटी वस्तू. ते त्यानंच लिहिलं होतं. ओल्या अंगाला कागदी झगा चिकटला होता आणि पाठीवर फाटला होता. एका हातानं ती तो मागे धरून होती, दुसऱ्या हातानं हवेत आधार शोधत होती.

जांभळ्या दिव्याखाली तिचे केस चमकले.

“मागे फिरा,” मुखवट्याआडून सेवक म्हणाला. “पुन्हा धुवायचंय.”

ती तशीच उभी.

“आजी, मागे फिरा!” सेवकानं हातानं खूण केली. ती खूण तिला दिसली नाही. त्यानं तिच्या दंडाला धरून वळवलं, तशी ती दचकली आणि ओरडली, “काय झालं? काय निघालं माझ्यात?”

तिच्या मागे रांग तुंबायला लागली. पडद्यामागून कुणीतरी म्हणालं, “चला की हो पुढे, कुडकुडायला होतंय.” कर्ण्यावरून सूचना आली, पण ती तिच्यासाठी नुसता गडगडाट होती. मावशी फवाऱ्याकडे गेली, परत आली, पुन्हा केस चमकले, पुन्हा तिला वळवलं. ह्या वेळी ती हललीच नाही. झगा घट्ट धरून, मान वर करून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, “माझा मुलगा इथे मोठा साहेब आहे. त्याला बोलवा. भोपळ्याला बोलवा माझ्या!”

चौकात हशा पिकला. पोरं हसली, सेवकसुद्धा हसला. वडीलधारे अधिकारी त्याच्याकडे वळले. “भोपळ्या? तुमच्याकडे हे पद कधी निर्माण झालं?”

आणि तोही हसला.

मुखवट्याआड त्याचं हसू कुणाला दिसलं नाही, पण आवाज ऐकू गेला. “अशीही माणसं यायला हवीत,” तो म्हणाला. “सराव खरा वाटतो.”

ती अगदी जवळ होती. दोन पावलं टाकून तिचा हात हातात घेतला असता तर स्पर्शावरून तिनं ओळखलं असतं. शिटी त्याच्या छातीवर होती. अधिकाऱ्यांच्या हातातलं घड्याळ त्याला दिसत होतं. आत्ता सगळं थांबवलं तर मेहनतीवर पाणी, असा हिशेब त्यानं केला. आणि त्या हिशेबाखाली दुसरं काहीतरी होतं, जे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. ही थरथरणारी, बोळक्या तोंडाची, अर्धी उघडी बाई माझी आहे, हे त्या माणसांसमोर त्याच्या तोंडून निघेना.

तिला तिसऱ्यांदा फवाऱ्याकडे नेलं. तेव्हा धुण्याच्या बाजूची एक परिचारिका आपली जागा सोडून बाहेर आली. तिनं तोंडावरचा मुखवटा खाली ओढला, कुठूनतरी कापडी चादर आणून मावशीच्या खांद्यावर टाकली, आणि तिच्या डोळ्यांसमोर चेहरा नेऊन ओठ मोठे हलवत म्हणाली, “या मावशी. माझ्याबरोबर या.” मावशीनं तिचा हात दोन्ही हातांनी धरला. जाताना परिचारिकेनं एकदा वळून त्याच्या शिटीकडे पाहिलं.

रांग पुन्हा सरकू लागली.

संध्याकाळी तो घरी आला तर मावशी रंगात आली होती. बायकोला आणि शेजारणीला सगळी कथा हावभावांसकट सांगत होती. “अगं, मला धुतलं की मळकं पायपुसणं धुतलं, कळेना! ही शेजारची पोरगी मात्र सुटली झटकन.” शेजारीण हसत होती. मग ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “पण काय हो, तुम्ही कुठे होता? ह्या इतक्या हाका मारत होत्या.”

तो तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच म्हणाली, “तो कसा असेल तिथे? वर खोलीत आकडे बघत बसला असणार. तिथे असता तर काय थांबला असता? धावत आला असता माझा भोपळ्या. एकदा मला सुई लागली तर हा रडला होता दिवसभर.”

त्यानं मान खाली घातली आणि बूट काढत बसला. नाडी सुटली होती तरी सोडवत राहिला. जेवताना बायकोनं विचारलं, “सराव चांगला झाला ना?” तो म्हणाला, “झाला.”

अहवालाचा मसुदा त्यानंच लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ‘एका वृद्ध स्वयंसेविकेच्या असहकारामुळे स्त्रियांची मार्गिका काही काळ खोळंबली.’ लिहून झाल्यावर त्यानं ते वाचलं. खोडावंसं वाटलं, पण खोडून तिथे काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तसंच राहू दिलं.

आढाव्याच्या बैठकीत संचालकबाईंनी तो मसुदा मोठ्यानं वाचला. लांब टेबलाभोवती सरावातले सगळे बसले होते. ते वाक्य आलं तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेली परिचारिका म्हणाली, “असहकार?”

“काय म्हणालात, सिस्टर?”

“बाई, त्यांनी असहकार नाही केला. त्यांना ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. त्या घाबरून गेल्या होत्या. फवाऱ्याखाली मी त्यांना धरलं तेव्हा त्या थरथरत होत्या, थंडीनं नाही. मला वाटलं शिटी वाजेल. मी वाट बघत होते. शिटी साहेबांकडे होती.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. संचालकबाई म्हणाल्या, “तुमच्या लक्षात आलं नसेल.”

ही पळवाट होती, आणि ती त्याला आयती मिळाली होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. त्यानं समोरच्या पाण्याच्या ग्लासवर हात ठेवला.

“आलं होतं लक्षात,” तो म्हणाला. “ती माझी मावशी आहे. तिनं मला वाढवलंय. भोपळ्या म्हणजे मी.”

कुणी हसलं नाही. तपासणीच्या चौकातला सेवक टेबलाकडे बघत राहिला. कुणीतरी खुर्ची सरकवली, तिचा आवाज उगाचच मोठा वाटला.

“मग तुम्ही आवाज का दिला नाहीत?” संचालकबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याला तो असता तर बरं वाटलं असतं.

“लाज वाटली.”

“कुणाची?”

शरमेनं त्याचे कान तापले होते. पाहुण्यांसमोर तिची वाटलेली लाज आता फिरून त्याच्याच अंगावर आली होती, आणि तिला झाकायला कुठला मुखवटा नव्हता. बाई मसुदा त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या, “ते वाक्य काढा. जे झालं ते लिहा. तुमच्या नावानिशी लिहा. पाहुण्यांनाही तेच जाईल.”

त्यानं लिहिलं. वरच्या खात्यानं मंजुरी थांबवली, पद्धत सुधारून पुन्हा दाखवा म्हणून कळवलं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. खरी गोष्ट अजून घरात बाकी होती.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी मावशी खिडकीशी बसून त्याच्या शर्टाचं बटण लावत होती. नीट दिसत नसलं तरी ते काम ती कुणाला देत नसे. बायको आत होती. तो स्टूल ओढून समोर बसला.

“मावशी, त्या दिवशी मी तिथे होतो.”

“कुठे?”

“सरावात. चौकात, तुझ्या समोरच. पांढऱ्या पोशाखात. तू हाक मारलीस ती ऐकली मी. मी आलो नाही.”

तिचा हात थांबला. “काम असेल तुला.”

“काम नव्हतं. मोठी माणसं होती बरोबर. ती हसली, मग मीही हसलो.”

ती बटणावर बोट फिरवत राहिली. तो वाट बघत होता की ती चिडेल, चार शब्द सुनावेल, तिची धार निघेल. ती म्हणाली, “मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं रे.”

“खोटं बोलायचं तुझ्याशी?”

“आता तुझं मन हलकं झालं असेल,” ती म्हणाली. “मी मात्र शेजारणीला काय काय सांगून बसले.” तिनं शर्टाची घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीला धरून उठली.

नंतर घरात भांडण झालं नाही. मावशी जेवायला बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, बायकोशी गप्पा मारायची. त्याच्याशी बोलताना मात्र ती बेताचं बोलायची, परक्या घरी पाहुणी म्हणून राहिल्यासारखी. कुणी आलं तर पूर्वी ती ‘आमचा साहेब’ म्हणून त्याला पुढे करायची. आता तो खोलीत आला की उठून आत जायची. तिला शरम वाटत होती, हे त्याला हळूहळू कळलं. तिनं काहीच केलं नव्हतं आणि शरम तिला वाटत होती. हे त्याला सगळ्यात जड गेलं.

पद्धत सुधारायची तर ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडून ऐकायला हवं, असं परिचारिकेनं सुचवलं. त्यानं मावशीला भीत भीत विचारलं. “त्या मुलीला सांगेन,” ती म्हणाली. “तुला लिहून घ्यायचं तर घे.”

ती संस्थेत आली. छोट्या खोलीत परिचारिका तिच्या समोर बसली, तो बाजूला कागद घेऊन. मावशी सगळा वेळ परिचारिकेकडेच बघून बोलली.

“काय सांगू बाळ. पाणी गार होतं, ते चालतं. कपडे काढले, तेही चालतं, सगळ्या बायकाच होत्या. पण कानातलं काढलं ना, आणि सराव संपला माझा.”

“म्हणजे?”

“तोवर मला ठाऊक होतं की हे खोटं खोटं आहे. ऐकू येईनासं झालं, सगळे तोंड बांधलेले, सारखं मागे ढकलतायत. मला वाटलं, खरंच काहीतरी निघालं माझ्यात. मला कुणी सांगत नाहीये. आता मला कुठेतरी वेगळं ठेवणार. घरी कळवतील की नाही? म्हणून हाक मारली. नाहीतर मी कशाला चारचौघांत... त्यानं मला बजावलं होतं, बाहेरच्यांसमोर नको म्हणून. मी कधी मोडलं नव्हतं ते.”

त्याचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं. शाईचा ठिपका पसरत गेला.

“तुम्हाला काय हवं होतं तेव्हा?” परिचारिकेनं विचारलं.

“काही नाही गं. कुणीतरी तोंड दाखवायला हवं होतं.”

त्यातूनच पुढचे बदल झाले. चष्मा आणि कानातली यंत्रं पुसून माणसाजवळच ठेवायची. मुखवटे पारदर्शक काचेचे. सूचनांची मोठी चित्रं. झगे कापडी. आणि ज्याला हवं त्याच्याबरोबर एक सोबती, शेवटपर्यंत. रांग थोडी हळू झाली. वरच्या खात्यानं कुरकुर करत ही पद्धत मान्य केली.

पण नव्या सरावाला मावशी आली नाही. “एकदा बस झालं,” म्हणाली. त्याआधी एका सकाळी, चहाचा कप त्याच्यापुढे ठेवताना ती आपणहून म्हणाली होती, “आधी तू उभा राहा त्या पाण्याखाली. मग बोलव लोकांना.”

म्हणून नव्या पद्धतीचा सराव होण्यापूर्वी त्यानं जुनी पद्धत स्वतःवर घेतली. कानांत बोळे घातले, चष्मा काढून दिला. सेवकाला सांगितलं, मी साहेब आहे हे विसरा. गार पाणी अंगावर आलं. पांढऱ्या आकृत्या धूसर झाल्या, आवाज बुडाले. कुणीतरी दंड धरून त्याला वळवलं, पुन्हा वळवलं. ओला कागद पाठीवर फाटला तेव्हा त्याचा हात आपोआप मागे गेला. तो भिंतीशी उभा राहून घाबरायची वाट बघत होता. पण पडदा कुठे संपतो, दार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं त्यानंच आखलेलं होतं. डोळे बांधले असते तरी तो बाहेर पडला असता. शिवाय हाक मारली असती तर सगळे धावत आले असते.

बाहेर आल्यावर परिचारिकेनं त्याच्या अंगावर चादर टाकली. “कसं वाटलं, साहेब?”

“थंडी वाजली,” तो म्हणाला. ह्यापेक्षा जास्त काही म्हणायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटलं नाही.